दोन मोहांमधली जागा

ये वं पोरी, उंबऱ्यात काऊन उभी? इथी बस, माझ्याजवळ. महिना महिना तोंड दाखवत नाहीस आणि आल्या आल्या विचारतेस, "आजी, देव आणि आपण वेगळे की एकच?" आधी पाणी तरी पी! याच प्रश्नापायी माझं पहिलं बाळंतपण अडणार होतं, ते ऐक.

आमचं गाव गोंडपिपरीकडच्या जंगलात. माझी सासू आणि शेजारची मावशी जिवाभावाच्या मैत्रिणी. मावशी ख्रिस्ती, मिशनच्या दवाखान्यात शिकलेली सुईण. जवळपास दुसरी सुईण नव्हती आणि मला नववा महिना लागलेला.

दोघींची मोहाची झाडं शेजारीशेजारी, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. रीत अशी, की ज्यानं जेवढी जागा पाचोळा जाळून झाडली, तिथं पडलेलं फूल त्याचं. मधे हातभर पाचोळा तसाच ठेवायचा. तीच शीव.

त्याआधीच्या दसऱ्याच्या सुमारास आम्ही चांद्याला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आलो होतो. मोह गळायच्या दिवसांत एक भंते गावात आले. डोळे मिटून श्वास पाहायला शिकवलं. म्हणाले, वर कोणी देव बसलेला नाही, आणि मी-माझं हे सारे मनानं पाडलेले तुकडे. सासूला ते इतकं पटलं, की दुसऱ्या दिवशी मधला पाचोळाही जाळून ती दोन्ही झाडांखालची फुलं वेचायला लागली! मी आपली पोट सांभाळत मागं उभी.

मावशी आली. "अवं, माह्या झाडाखाली काय करून राह्यली?"

"माझं-तुझं काई नसते. भंतेजीनं सांगतलं."

"असं? मंग तुही भरली टोपली दे इकडं. नाईच ना ते तुही?"

सासूनं टोपली छातीशी धरली. "धानाची पेंढी सोडून पाह्य. काड्याच काड्या. पेंढी कुठी हाय? तसाच 'मी'. कुठीच नाई."

"पेंढी नाई, तं वावरातून डोक्यावर काय आणते, हवा? माहा प्रभू तो प्रभू, मी ते मी. मीच विहीर न् मीच बादली झाली, तं पाणी कोण काढन?"

"तुले नाई समजाचं."

"नसो समजत! ज्या घरात 'मी'च नाई, तिथं बाळंतपण कोणाचं करू? बोलावू नको मले."

"नाई बोलावत, जाय!"

घ्या! या दोघी एक की दोन यावर भांडत होत्या आणि इथं माझे तर एकाचे दोन व्हायची वेळ आलेली. हिच्या पाया पडले, तिच्या पडले. दोघींचं एकच, "तिले आधी येऊ दे."

एका दुपारी कळा सुरू झाल्या. माझी पहिली किंकाळी निघाली आणि सासू अनवाणी धावली. मावशीच्या दारात काय बोलली कोण जाणे. परतल्या तेव्हा मावशीची पिशवी सासूच्या खांद्याला होती.

मावशी एरवी बाळंतपणात मोठ्यानं प्रार्थना म्हणायची. त्या दिवशी ओठ मिटलेले. पाठीवर हात ठेवून माझ्यासंगं श्वास घेत होती, माझ्यासंगं सोडत होती. आणि वर कोणी नाही म्हणणारी सासू उशाशी हात जोडून, "वाचव वं माय, माह्या पोरीले वाचव!"

मुलगी झाली. हात धुताना मावशीनं साधलंच. "काऊन वं, कोणाले हाका मारून राह्यली होती? वर तं कोणी नाई ना?"

"तुलेच मारल्या. न् तुहा प्रभू कुठी गेला होता? एक शब्द नाई बोलली त्याच्याशी!"

मावशी हात पुसू लागली. "खरंच वं. श्वास इचा का माहा, तेच समजत नव्हतं. तिथं त्याले येगळा कुठी बसवू?" मग लगेच बोट उगारून, "पण तो होता हं!"

"होता, बाई. पेंढीबी होती."

जिंकलं कोणीच नाही. मावशी पुढंही मोठ्यानं प्रार्थना करायची आणि सासू डोळे मिटून बसली, की कुंपणावरून विचारायची, "सापडली का वं पेंढी?" मोह मात्र दोघी एकाच टोपलीत वेचायच्या आणि घरी येऊन भांडून दोन वाटे करायच्या.

त्या दुपारची ती मुलगी म्हणजे तुझी आई. दोन्ही मोह अजून उभे आहेत. यंदा फुलं गळायच्या आत ये बरं, तिलाही घेऊन ये. मधली जागा झाडायला माझी कंबर आता वाकत नाही.