सुनंदाचा फ्रीज

हे मी आजवर कोणाजवळ बोलले नाही. आईजवळ नाही, नवऱ्याजवळ तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे ते तुम्ही फार चांगले आहात म्हणून नाही — तुम्ही आमच्या गावचे नाही म्हणून. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, ऐकताना मध्येच ‘बिचारी’ म्हणू नका. तो शब्द ऐकून ऐकून माझे कान किटले आहेत.

आमचं गाव ब्रह्मपुरीकडचं. घरात मासेमारी. माझे यजमान आणि धाकटा दीर रमेश गावच्या तलावात एकाच मोठ्या जाळ्यावर मासे धरायचे — एक टोक ह्यांच्या हातात, एक रमेशच्या. रमेशची बायको सुनंदा, माझी जाऊ. आमच्या दोन घरांच्या मध्ये फक्त एक कुंपण. तिला दोन मुलं. मला नाही. गावात बाईची ओळख सांगायला एवढं पुरतं.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी तपासलं. म्हणाल्या, बीज नीट वाढत नाही, इंजेक्शनं घेऊन वाढवू. दोन प्रकार टेबलावर ठेवले. एक पावडरची बाटली, पाण्यात कालवून टोचायची. जुनं औषध, पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढून शुद्ध केलेलं. हे ऐकून ह्यांचं तोंड असं झालं की त्या दवाखान्यातही मला हसू आलं. दुसरं पेनासारखं. कारखान्यात बनवलेलं, चकती फिरवून मात्रा लावायची आणि आपल्या हाताने पोटात टोचायचं. गुण कोणाचा जास्त, असं मी विचारलं. बाई सरळ म्हणाल्या, जवळपास सारखाच; बाटल्या गावच्या उपकेंद्रात नर्सकडे राहतील, ती रोज टोचेल; पेन मात्र घरी फ्रीजमध्ये ठेवावं लागेल, ह्या उन्हाळ्यात तर नक्कीच.

मी पेन मागितलं. ह्यांना सांगितलं, नवं आहे, चांगलंच असेल. पण खरं कारण काय होतं? उपकेंद्राचा बाक रेशन दुकानासमोर आहे. तिथे मी रोज जाऊन बसले असते, तर सगळ्या गावाने माझं पोट मोजायला घेतलं असतं. मला ते नको होतं. ह्यात मला आजही काही चूक वाटत नाही — माझं पोट, माझी सुई, गावाचा काय संबंध?

घरी फ्रीज आहे ना, असं बाईंनी विचारलं. आहे, म्हणाले. ह्यांनीही मान हलवली. आमच्याकडे फ्रीज नव्हता. सुनंदाकडे होता, आणि कुंपणापलीकडचा फ्रीज म्हणजे आपलाच, असं ह्यांना वाटायचं. निघताना तिथल्या नर्सने बजावलं, खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाला लागू देऊ नका, गोठलं की औषध मेलं. तेव्हा हे जीप बघायला बाहेर गेले होते. ऐकलं ते मी एकटीने.

आता अडखळते आहे मी. थांबा.

घरी पोचल्यावर हे म्हणाले, “जा, सुनंदाच्या फ्रीजात ठेवून ये.” मी गेले. तिच्या दारापर्यंत गेले. ती धाकट्याला भरवत होती, तिची पाठ माझ्याकडे होती. हाक मारायची होती, बस. का नाही मारली? तिने मला कधी टोमणा मारला म्हणून? नाही हो. ती कधी वाकडं बोलली नाही. ती वाईट असती तर मी खुशाल आत गेले असते, वाईट बाईशी कसं वागायचं ते मला येतं. पण ही रोज फ्रीज उघडणार, रोज माझं औषध बघणार आणि रोज माझ्यासाठी देवाजवळ काही मागणार — तिची ती माया माझ्याच्याने सोसवली नसती. मी तशीच परत फिरले.

आणि ह्यांना म्हणाले, “नाई म्हणते. लेकरायचं दूध रायते तिथी, म्हणते.”

झालं. एवढंच. हेच ते.

ह्यांनी पेन माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाले, “भावाची बायको हाय का कोण हाय?” आणि उठून त्यांनी माशांची थर्माकोलची पेटी घासली, दोनदा धुतली. “मासे टिकते बर्फात, तं दवाई काऊन नाई टिकणार?” पेन प्लास्टिकमध्ये गुंडाळून त्यांनी ते फोडलेल्या बर्फाच्या पार पोटात खुपसलं. रोज पहाटे नवा बर्फ आणायचे, आधी पेटीत, मग माशांना. मला नर्सचं बोलणं आठवत होतं. पेन हातात घेतलं की आत कडक लागायचं. मुठीत धरून वितळवायची आणि टोचायची. मी बोलले असते, तर पेन घेऊन हे स्वतः सुनंदाच्या दारात गेले असते आणि माझं खोटं तिथेच उघडं पडलं असतं. म्हणून मेलेलं औषध पोटात घेत राहिले.

सोनोग्राफीत काहीच वाढलेलं नव्हतं. बाईंनी विचारलं तेव्हा ह्यांनी पेटीचं सांगून टाकलं, खोटं त्यांना येतच नाही. औषध गोठून वाया गेलं, बाई म्हणाल्या. पुन्हा करता येईल, असंही म्हणाल्या. आम्ही पुन्हा गेलो नाही.

घरी आल्यावर हे भांडले नाहीत. भांडायला कारण सांगावं लागलं असतं, आणि बायकोची इंजेक्शनं चव्हाट्यावर कशी आणणार? त्यांनी फक्त विळा घेतला आणि ते मोठं जाळं मधोमध कापलं. अर्धं कुंपणावर टाकलं. रमेश बघतच राहिला. आमच्यात भागी मोडली की जाळं असंच वाटतात. पण काही न बोलता कोणी कापलेलं मी पाहिलं नव्हतं.

एकदा सुनंदा माझ्याकडे आली. पदर तोंडाला लावून म्हणाली, “बाई, भासरे काऊन बोलत नाई आमच्याशी? आमचं का चुकलं?” मोठ्या दिराला आमच्याकडे भासरे म्हणतात. मी तांदूळ निवडत होते. मान वर न करता म्हणाले, “मले का मालूम.”

तिच्या घरात सुख होतं म्हणून ही आग लावली, असं तुम्हाला वाटेल. वाटू द्या. थोडं तेही असेल. मूल नसलेल्या बाईने चांगलंच असलं पाहिजे, असं कोणी ठरवलं? मी चांगली नव्हते. मूल असतं तरी नसते.

आता वय गेलं. तलावावर हे एका काठाला अर्धं जाळं ओढतात, रमेश दुसऱ्या काठाला अर्धं. मधल्या पाण्यातून मासे आरामात निघून जातात. दोघांना ते दिसतं, आणि दोघेही एकमेकांकडे बघत नाहीत. ह्यांचा खांदा आता साथ देत नाही. तरी हाक मारत नाहीत, कारण भावाच्या बायकोने आपल्या बायकोचं औषध झिडकारलं, असं त्यांना वाटतं. तिने झिडकारलं नाही. तिला कोणी विचारलंच नाही.

उद्या मी हे दोघांना समोर बसवून सांगणार आहे, सुनंदालाही. ह्यांनी हात धरून बाहेर काढलं, तर जाईन. सुनंदा तोंडावर थुंकली, तर पुसून घेईन. पण सांगताना रडणार नाही. बाई रडली की लोक तिला माफ करून टाकतात.