काडी न लावता

सायन्स-मास्तरशी लग्न झालं की असले किस्से माळ्यावरच्या डब्यांसारखे साठत जातात. हे भोरच्या हायस्कुलात रसायन शिकवतात, आणि झोप माझी उडते! पाळण्यात तान्हं बाळ, घरभर हुंदडणारी कमू, आणि हे जेवताना सांगणार, "लाकूड जळायला केव्हाचं तयार आहे. उताराच्या टोकावरचा धोंडाच तो! उतार आहे एवढं गणित सांगतं. धोंडा कधी सुटेल, ते नाही."

आमच्या घराचे वासे लाकडाचे. मी तेव्हापासून वर बघत जेवते.

दिवाळीआधी भिंतींना चुना द्यायला कापूरहोळहून चुनकळी मागवली. वाटेत पोतं भिजलं, वाफा निघाल्या. गाडीवानानं आग समजून ओढ्याचं पाणी ओतलं. पोतं असं खदखदलं, की तो बैल सोडून पळाला!

धापा टाकत आमच्या दारात आला. "मास्तर, पान्यानंच पेटाया लागलं, तर इझवायचं कशानं वो?"

हे पोट धरून हसले. मी नाही हसले. प्रश्न बरोबरच होता!

मग वेल्ह्याला एका धनगर आजींची गवताची गंजी आतून धुमसून पेटली. गाव म्हणालं, भुताटकी. ह्यांनी मुद्दाम जाऊन समजावलं, "आजी, भूतबीत नाही. ओलं गवत रचलं की आतल्या आत तापतं. काडी लावावी लागत नाही."

आजी जास्तच घाबरल्या. "भूत असतं तर उतरिवलं असतं, बाबा. आता ह्याला कुणाकडं न्यायाचं?"

मी मॅट्रिक झालेली, पण माझं मत आजींना!

तेव्हापासून मला खोडच लागली. गोवऱ्यांत, तेलकट चिंध्यांत, धान्याच्या कणगीत हात खुपसून ऊब बघायची. मागोमाग कमूचाही हात. सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, पोह्यांची नाडी कसली बघतेस?" मी ओशाळले, पण पोहे बघून घेतलेच.

परवा दुपारी कमू पाळण्यापाशी उभी. तळवा बाळाच्या पोटावर, तोंड पांढरंफटक.

"आई, बाळ आतून तापलंय."

हात लावला. फणफणलं होतं! "अहो, डॉक्टरांना आणा!" मी ओरडले. हे तसेच अनवाणी धावले. मी बाळाला उचललं, तर कमूनं माझा पदर घट्ट धरला.

"मी काडी नाही लावली गं!"