पुसलेली हजेरी

बापाची दोन बोटं लूमच्या पट्ट्यात गेली तेव्हा मी शाळेत होते. आई मला आणि बापाला घेऊन खात्यावर गेली. सुरतेत लूमच्या कारखान्याला खातं म्हणतात. शेठ दारातच म्हणाला, "हा कोण? याचं नाव कुठाय आमच्याकडे?"

नाव कुठेच नव्हतं. बाप तिथे किती वर्षं राबला, ते फक्त त्याच्या बहिऱ्या झालेल्या कानांना माहीत. डिंडोलीच्या खोलीत आल्यावर तो आमच्या अहिराणीत एवढंच बोलला, "मी तठे नव्हतूच म्हने."

मी बी.सी.ए. झाले. घरातली पहिली. दुसऱ्या एका मोठ्या खात्याच्या ऑफिसात डेटाबेस सांभाळायला लागले. कारागिरांची हजेरी माझ्याकडे. सकाळी सगळ्यांआधी येऊन देवापुढे अगरबत्ती लावायची, मग सगळे कॉम्प्युटर माझ्या पासवर्डने उघडून ठेवायचे, हेही माझ्याकडेच. दिवसभर ज्याला हवं तो माझ्या नावाने आत. इथल्या शेठचा भाचासुद्धा. कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

एका दुपारी भाच्याला काम सोडून गेलेल्या कारागिराची हजेरी काढायची होती. त्याने स्वतःच डिलीटची ओळ लिहिली, पण कुणाची, ही अटच घातली नाही. सगळ्यांची हजेरी गेली. टेबल रिकामं. आणि नाव माझं.

शेठ भर ऑफिसात बोलला, "लूमवाळानी छोकरीने कम्प्युटर आपो, एटले आवुंज थाय."

म्हणजे, लूमवाल्याच्या पोरीच्या हाती कॉम्प्युटर दिला की असंच होणार. सगळे हसले. भाचा जरा जास्तच.

मग माझ्यापुढे कोरा कागद आला. शेठ म्हणाला, चूक माझी, असं लिहून दे. कारागिरांना सांगू, हजेरी गेली, आजपासून नवी. भाचा म्हणाला, कालचा बॅकअप वरून चढवून टाकू, येईल ते येईल.

त्यात आजची सकाळपाळी येणार नव्हती. ती माणसं त्या क्षणी खाली मशीनवर उभी होती. आणि इथे वर, कॉम्प्युटरमध्ये, ती नव्हतीच.

बापाचा हात आठवला. मी कागद परत सरकवला.

"शेठ, हे मी लिहिणार नाही. आणि आता कुणी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही."

"नोकरी जशे, बेन."

"जाऊ द्या. आधी हजेरी येऊ द्या."

सगळ्यांना बाहेर काढलं. कालचा बॅकअप वेगळ्या जागी उघडला. डेटाबेस प्रत्येक बदलाचा माग ठेवतो, त्याला लॉग म्हणतात. तो लॉग बॅकअपवर चालवत आणला आणि डिलीटच्या ओळीआधी थांबवला. एकदा फसलं. परत केलं. नावं आली. सकाळपाळीसकट.

त्याच लॉगवरून वेळ मिळाली, आणि कोण कुठून जोडलं गेलं त्या नोंदीत दिसलं, त्या वेळी डिलीट आलं होतं भाच्याच्या केबिनमधल्या मशीनवरून. शेठला दाखवलं. त्याने वाचलं. चूक झाली, असं काही म्हणाला नाही. मला ते नकोच होतं.

माफीनामा मी लिहिला नाही. नोकरीही गेली नाही. आता प्रत्येकाचा पासवर्ड वेगळा आहे. अगरबत्ती ज्याला लावायची तो लावतो. बॅकअप मी अधूनमधून दुसऱ्या मशीनवर उघडून बघते.

या खात्यात राबणाऱ्या कुणालाही, तू इथे नव्हतासच, असं म्हणता येत नाही. मी असेपर्यंत येणारही नाही.