उघड्या डोळ्यांची प्रार्थना

लातूरच्या एका डाळमिलमध्ये नीलाबाईंनी तीस वर्षं डाळ निवडली. तुरीच्या ढिगात हरभऱ्याएवढा खडा कुणालाही दिसेल. नीलाबाईंना मोहरीएवढा दिसायचा. आपल्या नजरेचा त्यांना भारी गर्व होता आणि तो लपवायच्या भानगडीत त्या कधी पडल्या नाहीत. "चष्मा कागदाला लागतो, खड्याला न्हाई," असं त्या ऐटीत सांगायच्या.

अशा बाईला सख्ख्या नातीच्या पडण्याचं कारण मात्र सात वर्षं दिसलं नाही.

दामिनीच्या मेंदूला जन्मतानाच इजा झाली होती. डॉक्टर त्याला सेरेब्रल पाल्सी म्हणायचे. पोरगी बोलायला तिखट, पण पाय आखडलेले. पायांना पट्ट्या बांधून उभं केलं की क्षणभर राहायची. मग आज्जी बाजूनं कौतुकानं हाक मारायची, दामिनी मान वळवायची आणि धप्पकन खाली. "माझीच नजर लागती काय गं तुला?" असं म्हणत नीलाबाई मीठमोहऱ्या उतरवायच्या.

व्यायाम शिकवणाऱ्या आरती मॅडमनी हे ऐकलं आणि त्या हसल्या. "आज्जी, नजर लागत नाही, नजर सुटते. आपण सरळ आहोत की कललोय, हे तिचे पाय तिला नीट सांगत नाहीत. ती डोळ्यांनी तोल धरते. तिला एका जागी बघू द्या."

नीलाबाईंनी घरी येऊन दामिनीच्या डोळ्यांसमोर भिंतीला लाल टिकली चिकटवली. टिकलीकडं बघत दामिनी उभ्यानं पाढे म्हणू लागली. पहिल्या महिन्यात दोनचा पाढा संपायच्या आत बसायची. दिवाळीपर्यंत दोनपासून सातपर्यंतचे पाढे पुरे करू लागली. नीलाबाईंनी गल्लीभर पेढे वाटले.

पण शाळेच्या प्रार्थनेत ती पहिल्यांदा रांगेत उभी राहिली, तेव्हा वर्गाच्या महादेवी बाई म्हणाल्या, "हात जोडा, डोळे मिटा." दामिनीनं शहाण्या मुलीसारखे डोळे मिटले आणि पुढच्या मुलीच्या अंगावर कोसळली. दुसऱ्या दिवसापासून बाईंनी तिला प्रार्थनेच्या वेळी व्हरांड्यातल्या बाकावर बसवलं. पोर कुठं आपटेल, एवढीच त्यांना धास्ती. दामिनी मात्र घरी येऊन जेवली नाही. "मला रांगेत उभं राहायचंय. पाव्हण्यासारखं बाकावर न्हाई बसायचं."

नीलाबाईंच्या जिवाला ते फार लागलं. सकाळी त्या नेहमीप्रमाणे लिंगायतांच्या रीतीनं गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन एकटक बघत पूजेला बसल्या आणि बघता बघता थबकल्या. साठ वर्षांत आपण तरी पूजेत डोळे कधी मिटले?

कपाळावरच्या विभूतीच्या तीन पट्ट्यांसकट त्या तडक शाळेत गेल्या.

"बाई, आमच्यात देवाला बघत पूजा करतात. हिला उघड्या डोळ्यांनी उभं राहू द्या."

"आणि पडली तर, आज्जी?" महादेवी बाईंनी विचारलं.

"मी समोर उभी राहते. माझ्या कपाळाकडं बघंल ती."

बाईंनी जरा विचार केला. मग त्यांनी दामिनीला रांगेत आणून उभं केलं आणि स्वतः तिच्या मागं थांबल्या. नीलाबाई समोर झेंड्याच्या खांबाजवळ उभ्या राहिल्या. "इकडं तिकडं बघितलीस तर बघ!" त्यांनी नातीला दम भरला.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला दामिनी डावीकडं झुकली, सावरली, पुन्हा झुकली. मोहरीएवढा खडा टिपणाऱ्या नीलाबाईंच्या डोळ्यांना पुढचं बघवेना. त्यांनी ते गच्च मिटून घेतले आणि खांब धरून धप्पकन आवाज कधी येतो याची वाट बघत राहिल्या.

आवाज आला नाही. प्रार्थना संपली.

नीलाबाईंनी डोळे उघडले. दामिनी उभी होती. पाय लटपटत होते, हात जोडलेले होते आणि चेहऱ्यावर राग मावत नव्हता.

"आज्जी, डोळे का मिटलीस?" ती साऱ्या मैदानाला ऐकू जाईल अशी ओरडली. "पडली असतीस की!"