डब्यातला ओला पडदा

आई उकाड्याने जागी झाली, म्हणून कळलं की बाबा गेलेत.

वाळ्याचा पडदा पार सुकला होता. बाबा असताना असं कधी झालं नव्हतं.

आज वर्ष झालं.

ज्यांनी आमचा डबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. डबा म्हणजे जीपच्या मागे ओढून न्यायची छोटी ट्रेलर-गाडी. आत समोरासमोर दोन बाकं, मध्ये जेमतेम उभं राहता येतं. बाबांनी रिटायर झाल्यावर जुनी घेतली, स्वतः रंगवली आणि आईला घेऊन नागाव, मुरुड, दिवेआगर हिंडून आले.

एरवी डबा करंजाड्यात, त्यांच्या मित्राच्या मोकळ्या प्लॉटवर उभा असतो. उन्हाळ्यात हे दोघं आपला चांगला फ्लॅट सोडून दुपारी तिथे झोपायला जायचे.

पत्र्याच्या डब्यात. एप्रिलमध्ये. एसीशिवाय.

आम्ही म्हणायचो, म्हातारा सटकलाय.

पण खोटं कशाला बोलू, आत खरंच गार असायचं.

छपराला पांढरा रंग. त्याच्यावर ताडपत्री, पण छपराला चिकटवून नाही, मध्ये हातभर जागा सोडून, म्हणजे वारा खेळतो. वाऱ्याच्या बाजूच्या खिडकीला वाळ्याचा पडदा, त्याच्यावर सारखं पाणी. वरच्या झडपेत छोटा पंखा, तो गरम हवा बाहेर फेकायचा.

आणि आईचा डोळा लागला की बाबा तो पंखासुद्धा बंद करायचे.

दादा वैतागायचा. "अहो बाबा, या दमट हवेत वाळा काय करणार?"

"वारा असला की करतो," बाबा म्हणायचे.

शेवटी दादा स्वतःच एक एसी घेऊन आला आणि माणूस बोलावून खिडकीत बसवून गेला. बाबांनी तो एक दुपार चालवला. दुसऱ्या दिवशी काढून प्लॉटच्या वॉचमनला देऊन टाकला.

"जासईच्या यार्डात जन्मभर कॉम्प्रेसरच ऐकला, आता नको," एवढंच म्हणाले. यार्डात ते मासळी-फळांचे थंड कंटेनर दुरुस्त करायचे, त्यामुळे आम्हाला ते पटलंही.

खरं कारण मला एका दुपारी कळलं.

मी आंबे द्यायला गेले होते. दार उघडून नेहमीसारखी मोठ्याने बोलायला लागले, तर बाबांनी ओठांवर बोट ठेवलं. आई झोपली होती आणि बाबा समोरच्या बाकावर तिच्याकडे कान करून बसले होते.

"काय करताय?"

"हिचा श्वास ऐकतोय."

आईचा श्वास झोपेत मध्येच अडकतो, हे आम्हाला माहीत होतं. डॉक्टरांनी मास्कचं मशीन दिलं होतं. तिने दोनदा लावलं आणि "जीव गुदमरतो" म्हणून कपाटात टाकलं. आम्ही चिडलो, मग आपापल्या कामाला लागलो.

बाबा लागले नाहीत.

"यार्डाने कान खाल्ले गं माझे," ते हळूच म्हणाले. "एसी चालू असला की हिचं काहीच ऐकू येत नाही. घरी रात्री जमतं, पण दुपारी खालून ट्रक चालू असतात. इथे येतं ऐकू."

तेवढ्यात आईचा श्वास थांबला. बाबांनी हात लांब करून तिच्या पायाचा अंगठा दाबला.

"जागी आहे हो," आई झोपेतच पुटपुटली, एक मोठा श्वास घेतला आणि परत घोरायला लागली.

बाबा माझ्याकडे बघून हसले. मग उठून पडद्यावर पाणी मारलं.

गेल्या वर्षी याच दिवशी ते दोघं जेवून डब्यात गेले. बाबांनी पडदा भिजवला, पंखा बंद केला. आई झोपली.

बाबांचा श्वास थांबला तेव्हा तो ऐकायला तिथे जागं कुणी नव्हतं.

हे मला वर्षभर सोडत नाही. जेवताना, ऑफिसात, सिग्नलला. मनात ती शांतता येते आणि मी गाडीतला एसी बंद करते.

आई आता दादाकडे असते. खोलीत एसी आहे, मशीन आहे, रात्रीची बाई आहे. पण आई आडवी होत नाही, खुर्चीतच बसून पेंगते. दादाने डब्यासाठी गिऱ्हाईक बघितलंय.

आज श्राद्धाचं जेवण झाल्यावर आई मला म्हणाली, "मला डब्यात ने."

नेलं. पडद्यावर पाणी मारलं, तसा वाळ्याचा तो वास आला.

आई दारातच थांबली. "आले हो," म्हणाली.

मला नाही.

ती आपल्या बाकावर आडवी झाली. वर्षभरात पहिल्यांदा. मी बाबांच्या बाकावर बसले, तिचा डोळा लागल्यावर पंखा बंद केला आणि ऐकत राहिले.

थोड्या वेळाने तिचा श्वास थांबला.

मी घाबरले. हात लांब केला.

तेवढ्यात आईने पाय हलवला. "जागी आहे हो," म्हणाली आणि मोठा श्वास घेतला.

माझा हात अजून तिच्या पायापर्यंत पोचलाच नव्हता.

मी तो तसाच हवेत धरून किती वेळ बसले, माहीत नाही. भीती वाटली. खोटं नाही सांगत. मग रडू आलं, तेही आवाज न करता, तिचा श्वास ऐकू यावा म्हणून.

दादा, डबा विकायचा नाही. दुपारी आईला मी आणणार. फोनवर कारण सांगता आलं नसतं, म्हणून इथे लिहिलं.

आई अजून झोपलीये. पडदा ओला आहे.

बाबा, आता तुम्ही जरा पडा.

मी जागी आहे.