चौथ्या पानावरचे थोरले भाऊ

आमदारसाहेबांच्या कचेरीतल्या कारकुनाला सगळा मतदारसंघ ‘मजकूर’ म्हणायचा. तोंडावर ‘मजकूरभाऊ’, पाठ फिरली की नुसता ‘मजकूर’. बायको तर वैतागली की म्हणायची, “अहो, मजकूर पुरे, मुद्दा सांगा!”

औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत बसून साहेबांचं चार पानी पत्र दर महिन्याला ते एकटेच लिहीत. पहिल्या पानावर सभागृहात झालेले कायदे, दुसऱ्यावर साहेबांनी विचारलेले प्रश्न, तिसऱ्यावर रस्ते, नळ, गटारं. ही तीन पानं कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. चौथं मात्र लोक दारातच उभ्याउभ्या वाचत. कोण पास झालं, कोण निवृत्त झालं आणि कोण गेलं.

छापखान्याला मजकूर दहा दिवस आधी लागे. म्हणून भाऊंनी युक्ती काढली होती : जे व्हायचंय ते झालं असं धरून लिहायचं. पुलाला कठडे लागायच्या आत ‘उद्घाटन उत्साहात पार पडले’ तयार. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांचे शोकसंदेशसुद्धा असेच लिहून ट्रेमध्ये पडलेले असत. माणूस गेला की कागद छापखान्यात, उठून बसला की फाडून टोपलीत. कुणाला हे पटायचं नाही, पण स्वतःचा संदेश कसा उतरलाय, हे हळूच विचारून जाणारे महाभागही होते.

मग भाऊंचे थोरले बंधूच आजारी पडले. दादा म्हणजे बसचे निवृत्त तिकीट तपासनीस, वय ऐंशीला टेकलेलं. छाती भरली, दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी मान हलवली. भाऊ कचेरीत परतले, खुर्चीत बसले आणि हाताच्या सवयीने सख्ख्या भावाचा शोकसंदेश लिहून मोकळे झाले. उतरलाही छान. चौथ्या दिवशी दादा उठून बसले, पेज मागू लागले. त्या आनंदात कागद फाडायचा राहिला, आणि छापखान्याचा माणूस ट्रे रिकामा करून घेऊन गेला.

दादा घरी आले त्याच सकाळी पत्र अकरा हजार घरांत पडलं.

पहिली आली समोरची शिंपीणबाई. दादा दारालगतच्या खुर्चीत बसलेले. ती त्यांच्या डोक्यावरून त्यांच्या बायकोशी, वहिनींशी बोलू लागली. “शेवटी फार त्रास झाला का हो?”

“अगं बाई, हे काय, इथेच बसलेत ना!” वहिनी म्हणाल्या.

शिंपीणबाईने खुर्चीकडे पाहिलं आणि वहिनींचा हात थोपटला. “सुरुवातीला असंच वाटतं, वहिनी. मलाही महिनाभर वाटायचं.”

मागून पोस्टमन आला, जुने कंडक्टर आले, बँकेतली मंडळी आली. सगळे वहिनींशी बोलले. दादा एकदा खाकरले, तर एक कंडक्टर उठून खिडकी लावून आला. वहिनींनी पाहुण्यांसाठी सहा खुर्च्या मांडल्या होत्या, त्या दिवसभर भरलेल्या असत. तिसऱ्या दिवशी दादा बोलायचे थांबले. चौथ्या दिवशी ताट सरकवलं.

वहिनींनी निरोप धाडला तसे भाऊ धावत आले.

“दादा, जेवत का नाहीस?”

“छापून आलंय ना.”

“अरे, ती चूक आहे!”

“साहेबांच्या सहीखाली चूक?” दादांचा आवाज शेजारच्या घरातून यावा तसा आला. “तीस वर्षं मी बिनतिकिटाची माणसं गाडीतून उतरवली. प्रत्येक जण म्हणायचा, काढलं होतं, पडलं कुठेतरी. मी म्हणायचो, कागद दाखव, नाहीतर उतर. आता माझ्या हातात काय कागद आहे? आणि मीच बसून राहू होय?”

भाऊंनी निरखून पाहिलं. सदऱ्याच्या आरपार, अगदी पुसट, खुर्चीची वेताची वीण दिसत होती.

तसेच उठून ते साहेबांपुढे उभे राहिले. “साहेब, आजच्या आज दुरुस्ती काढू द्या. भाऊ हातातून चाललाय माझा.”

“या अंकाच्या पहिल्या पानावर काय आहे, मजकूर?”

“खोटी बातमी छापणाऱ्याला शिक्षेचा कायदा. तुम्हीच मांडलेला.”

“आणि चौथ्यावर मीच खोटी बातमी छापली, असं सही करून सांगू?” साहेब गोड हसले. “माणूस ऐंशीचा आहे रे. थोडं थांब. आपोआप दुरुस्त होईल.”

भाऊ थांबले नाहीत. साहेबांच्याच नावाच्या कागदावर त्यांनी एकपानी पुरवणी छापून घेतली : ‘सदर वार्ता चुकीची आहे. माझे थोरले बंधू जिवंत असताना ती मी लिहिली. ते हयात असून प्रकृती सुधारत आहे.’ खाली स्वतःचं नाव. दुसऱ्या दिवशी पुरवणी घरोघर पोचली आणि दुपारी बाराच्या आत भाऊंच्या हातातून कचेरीची किल्ली काढून घेतली गेली.

ते थेट दादांकडे गेले. दादांनी चष्मा मागितला. कागद उलटा केला, सुलटा केला, कोपरा उजेडात धरला, जसं तिकीट तपासावं तसं. मग म्हणाले, “चहा टाक गं.”

वहिनींनी पदराने डोळे पुसत कप दिला. दादांनी घोटाघोटाने सगळा संपवला. गालांवर रंग आला, सदरा पुन्हा सदऱ्यासारखा दिसू लागला. वहिनी कप विसळायला आत गेल्या तसे दादा पुढे वाकले आणि हलक्या आवाजात म्हणाले :

“माझं झालं. पण ही मंडळी विचारतायत, आमची दुरुस्ती कधी?”

“कोण मंडळी?”

“तुझ्या चौथ्या पानावरची. पाच दिवस माझ्याशी बोलायला तेवढीच तर होती. त्यांचं म्हणणं, आमचेही संदेश तू आधीच लिहून ठेवले होतेस.”

“दादा, माझी नोकरी गेली रे. आता मी काही छापू शकत नाही.”

“ते तू त्यांना सांग,” दादा म्हणाले, आणि थोडे मागे सरले, जसं कुणाला तरी पुढे यायला वाट द्यावी. “बस की, उभा का?”

पाहुण्यांसाठी मांडलेल्या सहाही खुर्च्या रिकाम्या होत्या. भाऊ उभेच राहिले.