कान गेला, डोकं शाबूत आहे

डॉक्टरांनी ऑडिओग्राम, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, माझ्यासमोर धरला आणि कागदावर लिहिलं : सडन सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस. आतल्या कानाची नस अचानक दगा देते, तो हा आजार. उजवा कान लहानपणी गालगुंडातच गेला होता. माझा सगळा कारभार डाव्यावर चालायचा. आता तोही गेला.

एका सकाळी उठले तर कानात नुसती शिट्टी. जवळच्या दवाखान्यात "मळ असेल" म्हणून थेंब दिले. त्यात आठवडा गेला. तुमच्यावर ही वेळ आली तर कृपा करून तेल, लसूण, थेंब घालत बसू नका, त्याच दिवशी कानाचा डॉक्टर गाठा. उशीर झाला की स्टिरॉइडचाही फारसा उपयोग होत नाही.

खारघरच्या हॉस्पिटलात कानाच्या पडद्यातून आत स्टिरॉइडची इंजेक्शनं झाली. दर वेळी वेटिंग रूममध्ये बसायचं, आणि पुकारलेलं नाव मला ऐकू यायचं नाही. कानाच्या विभागात पेशंटची नावं पुकारायची, ही अक्कल कोणाची? शेवटी डॉक्टरांनी लिहिलं, "मशीननं आवाज येईल. शब्द कळतीलच असं नाही." तसंच झालं. समोरच्याचे ओठ दिसले तर कळतं, फोनवर मात्र खरखर.

आणि माझं काम फोनचंच! कळंबोलीतल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात कित्येक वर्षं मी गाड्यांवर लक्ष ठेवते. कुठली गाडी कुठे पोचली, माल कधी उतरणार, सगळं मला विचारायचे. शेठनी मला परत घेतलं, पण माझं टेबल त्यांच्या पुतण्याला दिलं. "मॅडम, तुमी टेन्शन घेऊ नका. आरामात बसा, तुमी घरच्याच." देव्हाऱ्याखाली खुर्ची, बिलांवर शिक्के आणि पगार अर्धा. घरच्यांना असं वागवतात का? नवऱ्याच्या एकट्याच्या पगारात फ्लॅटचा हप्ता निघत नव्हता. मी रोज चिडून रडायची.

मग मीच ड्रायव्हरना सांगितलं, मला फोन करू नका, जिथे आहात तिथला फोटो पाठवा. टोलनाक्याचा, पंक्चरचा, गोडाऊनच्या गेटचा. पुतण्याला ते फोनवर "खोपोली सोडली, तासाभरात पोचतो" सांगायचे, तेव्हा हमखास तळेगावात चहा पीत असायचे. फोटोत तळेगाव लपत नाही. हळूहळू माल पाठवणाऱ्या पार्ट्या गाडीचा पत्ता मलाच विचारायला लागल्या, तेही मेसेज करून.

शेवटी शेठनी टेबल परत दिलं. त्या वेळी ऑफिसात ड्रायव्हर डिझेलच्या पैशासाठी बसले होते. शेठ माझ्याजवळ वाकून हळूच म्हणाले, "पगार मात्र आहे तेवढाच राहू द्या. आता तुमाला फोन नाय ना घ्यायचा."

ओठांवरून मला पहिल्याच वेळी कळलं. अंगाचा नुसता तिळपापड झाला.

"शेठ, ऐकू नाही आलं. जरा मोठ्यानं."

ते जरा मोठ्यानं बोलले. मी पुन्हा नाही म्हणून मान हलवली. आता ड्रायव्हर आमच्याकडे बघायला लागले. त्यांच्यातले सगळ्यात जुने, साताऱ्याकडचे शंकरमामा चहाचा ग्लास खाली ठेवून म्हणाले, "मोठ्यानं बोला की शेठ, वहिनींना ऐकू येत न्हाई."

शेठनी सगळ्यांकडे एकदा बघितलं आणि ते केबिनमध्ये निघून गेले.

त्या महिन्यापासून पूर्ण पगार येतो. शेठचे मी आभार मानले नाहीत. शंकरमामांचे मानले.